आधी वाट, मग खाट

गृहसजावटीच्या पुस्तकांतील चित्रे पाहिली, म्हणजे जगातील सर्व शयनगृहे काटकोनात बांधलेली असावीत असा समज होतो. चित्रातल्या खोलीला एकच दार असते, समोर ऐसपैस खिडकी असते, मध्यभागी पलंग असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक चिमुकले मेज असते. या सदरासाठी अशी पुस्तके चाळून त्यांतील उपयुक्त मजकूर मराठीत आणण्याचे काम माझ्याकडे असल्यामुळे त्या खोलीशी माझी आता चांगलीच ओळख झाली आहे. तीत बहुधा दोनच माणसे निजतात. लोखंडी कपाट, शिलाईचे यंत्र, पाहुण्यांच्या गाद्यांची चळत, मुलांच्या अभ्यासाचे टेबल आणि कोपऱ्यातले देवघर, यांपैकी काहीही त्या खोलीत राहावयास आलेले नसते.

वाचकहो, आपल्या खोल्या अशा नाहीत. अहमदाबादच्या पोळांतील जुने घर रस्त्याकडून अरुंद आणि आत लांबच लांब असते. मुंबईत १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने ज्या चाळी बांधल्या, त्यांतील १६० चौरस फुटांच्या एकेका खोलीत अख्खी कुटुंबे वाढली. शिमल्याचे पत्र्याचे छप्पर बर्फ घसरून पडावे म्हणून, तर कोकणातले कौलारू छप्पर पाऊस ओघळून जावा म्हणून उतरते असते, आणि त्या उताराखाली जो माळा तयार होतो, तिथे घरातले कोणी ना कोणी निजत असते. पुण्या-साताऱ्याकडचा वाडा भावाभावांत वाटला गेला, की एकाच्या वाट्याला खोली येते आणि तिच्याबरोबर दुसऱ्याच्या जाण्यायेण्याची वाटही येते. नव्या इमारतींत तरी निराळे काय आहे? जिना, स्नानगृह आणि लिफ्ट यांना जागा देऊन जो तुकडा उरला, त्यालाच नकाशात शयनगृह असे नाव दिलेले पुष्कळदा आढळते.

नियमांचे साहाय्य येथे मर्यादित आहे. आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेची पहिली आवृत्ती १९७० साली निघाली आणि २०१६ साली तिची सुधारून वाढविलेली आवृत्ती प्रसिद्ध झाली. घरात राहण्याच्या दोन खोल्या असतील, तर एक निदान ९.५ चौरस मीटर आणि दुसरी निदान ७.५ चौरस मीटर असावी आणि दुसरीची रुंदी २.१ मीटरपेक्षा कमी नसावी, असे ही संहिता सांगते. आता हा हिशेब करून पाहा. २.१ मीटर म्हणजे सुमारे ६ फूट ११ इंच. बाजारात मिळणाऱ्या नेहमीच्या पलंगाची लांबी ६ फूट ३ इंच. असा पलंग त्या खोलीत आडवा टाकला, तर पायथ्याशी ८ इंच उरतात. त्यातून मांजर जाईल. खोली नियमाप्रमाणे आहे, पलंगही नेहमीच्या मापाचा आहे, आणि तरीही दोघांचे जमत नाही.

अशा खोलीत पाऊल टाकताच घरातील मंडळी विचारतात, ‘पलंग कुठे ठेवायचा?’ हा प्रश्न योग्यच आहे, पण त्याचा क्रमांक दुसरा असावयास हवा. या खोलीत माणसे कोठून कोठे जाणार, आणि त्यांतले कोण रात्री उठणार, हे आधी ठरवावे. वाट ठरली, की खाटेला फारच थोड्या जागा उरतात, आणि त्यामुळे निवड करणे सोपे जाते. खोलीचा वेडावाकडा आकार आपल्याला छळतो, तो बहुधा खाट आधी मांडून वाट मागाहून शोधल्यामुळेच.

प्रथम खोली मापून घ्यावी. मापे जमिनीलगत आणि कमरेच्या उंचीवर अशी दोनदा घ्यावीत, कारण जुन्या भिंती वर-खाली सारख्या नसतात. समोरासमोरचे कोपरे तिरके मापून पाहावेत. भिंती समोरासमोर सारख्या लांबीच्या असून दोन्ही तिरकी मापे जुळली, तर खोली काटकोनात आहे असे समजावे. न जुळली तर कपाट भिंतीला नीट टेकणार नाही, हे आधीच कळून येते. दाराची फळी कोणत्या बाजूला उघडते, खिडकीचा खालचा काठ जमिनीपासून किती उंच आहे, विजेची बटणे कोठे आहेत आणि पंख्याची कडी कोठे आहे, हेही टिपून ठेवावे. मग मुलांच्या गणिताची चौकटीची वही घ्यावी आणि एका फुटाला दोन चौकटी धरून खोलीचा नकाशा काढावा. सामानाचे तुकडे त्याच मापाने जाड कागदातून कापावेत. जुन्या लग्नपत्रिकांचा याहून चांगला उपयोग मला तरी ठाऊक नाही. एकेरी खाटेचा तुकडा ३ फूट रुंद व सव्वासहा फूट लांब, दुहेरी पलंगाचा ५ किंवा ६ फूट रुंद, आणि लोखंडी कपाटाचा ३ फूट रुंद व दीड फुटाहून थोडा अधिक खोल, अशी नेहमीची मापे आहेत; तरी आपल्या घरचे सामान स्वतः मापावे हे उत्तम.

काही घरांत उत्तरेकडे डोके करून न निजण्याचा आग्रह असतो. तो पाळावयाचा असेल, तर नकाशावर दिशा आरंभीच लिहून ठेवाव्यात. पलंग जागेवर बसल्यानंतर हा विषय निघाला, म्हणजे सगळे काम पुन्हा करावे लागते आणि वादही होतो.

आता नकाशावर पेन्सिलीने वाटा काढा. दारापासून खिडकीपर्यंत, दारापासून कपाटापर्यंत, आणि प्रत्येक उशीपासून स्नानगृहाच्या दारापर्यंत. एका माणसाला मोकळेपणाने चालण्यास अडीच फूट रुंदी हवी. दोन फुटांत काम भागते, पण कुशीवर वळल्यासारखे चालावे लागते. काठी किंवा चालण्याचा आधार घेऊन फिरणाऱ्यांसाठी तीन फूट धरावेत. कपाटापुढेही तीन फूट हवेत, कारण फळी उघडल्यावर माणसाला मागे सरकून उभे राहावे लागते. पलंगाच्या ज्या बाजूने चादर ओढून खोचावयाची, तिथे दीड फूट तरी असावेत. नाही तर रोज सकाळी ज्या व्यक्तीकडे ते काम असते, तिची पाठ ते सांगते. कागदाचे तुकडे या वाटांवर पडता कामा नयेत. ज्या जागा उरल्या, त्याच तुमच्या खाटांच्या जागा.

एक उदाहरण घेऊ. खोली ८ फूट रुंद, १६ फूट लांब. एका आखूड भिंतीला दार, समोरच्या आखूड भिंतीला खिडकी. चाळींत आणि जुन्या वसाहतींत असा आकार पुष्कळ दिसतो. दोन भावंडांसाठी सर्वसाधारण पद्धत अशी, की एक खाट डाव्या भिंतीला, एक उजव्या भिंतीला. मधे दोन फुटांची गल्ली उरते आणि खोलीला आगगाडीच्या डब्याचे रूप येते. त्याऐवजी दोन्ही खाटा एकाच लांब भिंतीला एकापुढे एक लावून पाहा. त्यांची लांबी साडेबारा फूट. दोहोंच्या मधे तीन फूट रुंदीचे कपाट उभे केले, तर एकूण साडेपंधरा फूट होतात, आणि भिंत तर सोळा फुटांची आहे. आता खोलीची उरलेली पाच फूट रुंदी या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळी मिळते. समोरच्या भिंतीला दीड फुटाचे अभ्यासाचे टेबल लावले, तरी वाट साडेतीन फुटांची राहते. शिवाय कपाट मधे आल्यामुळे प्रत्येक मुलाला स्वतःचा एक कोपरा लाभतो. सोळा वर्षांच्या मुलीला, किंवा रात्री उशिरापर्यंत वाचणाऱ्या मुलाला, दोन हात जागा केवळ आपली असणे किती हवेसे वाटते, हे मोठ्या माणसांनी आपल्या लहानपणावरून ताडावे. यात एकच अडचण आहे. कपाटाच्या आडोशामुळे दाराकडच्या खाटेवर खिडकीचा वारा कमी पोहोचतो. म्हणून लांबट खोलीत मधोमध ४८ इंची एकच पंखा लावण्यापेक्षा ३६ इंची दोन पंखे लावणे बरे. दाराची फळी खाटेच्या बाजूस उघडत असेल, तर सुताराकडून बिजागऱ्या दुसऱ्या बाजूस करून घ्याव्यात. हे काम थोडक्यात होते आणि खोली त्यानंतर ओळखू येत नाही.

हीच खोली नवराबायकोची असेल, तर पाच फुटी पलंग लांबीच्या दिशेने भिंतीला लावण्याचा मोह होतो. त्यात वाट तीन फुटांची राहते हे खरे. पण भिंतीकडे निजणाऱ्याला उठताना दुसऱ्याला ओलांडून यावे लागते. बहुधा भिंतीकडे तान्ह्या मुलाची आई असते, आणि तीच रात्री चारदा उठते. त्यापेक्षा खिडकीकडच्या टोकाला पलंग आडवा टाकावा. त्याच्या पलीकडे कोणाला जावयाचे नसल्यामुळे पायथ्याशी उरलेले पावणेदोन फूट उतरण्याचढण्याला पुरतात, आणि पलंगाच्या अलीकडे दहा फूट लांबीचा चौरससा भाग मोकळा मिळतो. खिडकी आणि पलंग यांत मात्र एक फूट अंतर सोडावे. किनारपट्टीवर राहणाऱ्यांना याचे कारण सांगावयास नको. आषाढातला पहिला वाऱ्याचा पाऊस गादीवर आला, की ती वाळावयास पंधरा दिवस लागतात. दमट प्रदेशात कपाटही बाहेरच्या भिंतीपासून दोन-तीन इंच पुढे ठेवावे, म्हणजे मागे बुरशी धरत नाही.

दुसरा प्रकार पुष्कळ दारांच्या खोलीचा. एका खोलीला तीन-चार दारे असली, की ती खोली न राहता चौक होते. वाटणी झालेल्या वाड्यांत आणि जुन्या सरकारी बंगल्यांत हे विशेष दिसते. येथे प्रत्येक दारापासून दुसऱ्या प्रत्येक दारापर्यंत रेषा काढाव्यात आणि कोणती वाट खरोखर वापरात आहे ते आठवडाभर पाहावे. पुष्कळदा चारांपैकी एक दार केवळ सवयीने उघडे असते. ते बंद करून घ्यावे. भिंत घालण्याची गरज नाही. जुन्या भिंती दीड-दोन फूट जाडीच्या असतात. बंद दाराच्या त्या खोबणीत फळ्या बसविल्या, तर उत्तम फडताळ तयार होते आणि खोलीतली एक इंचही जागा जात नाही. परंतु ते दार शेजारच्या बिऱ्हाडाची आग लागल्यास बाहेर पडण्याची वाट असेल, तर त्याला हात लावू नये. आणि ते भावाच्या हिश्श्यात उघडत असेल, तर आधी भावाशी बोलावे आणि मग सुताराशी.

या चौकासारख्या खोलीत घरातल्या म्हाताऱ्या माणसाची खाट टाकलेली मी अनेक घरांत पाहिली आहे. ‘आई मधे असल्या म्हणजे सगळ्यांकडे लक्ष राहते’ असे म्हटले जाते. वास्तविक सगळ्यांचे पाय त्यांच्या झोपेवरून जात असतात. वृद्धांना एक शांत कोपरा द्यावा, आणि तो खोलीतला सर्वांत चांगला कोपरा असावा एवढेच म्हणून थांबू नये. तो शौचालयाच्या वाटेला सर्वांत जवळचा असावा. रात्रीच्या या चार-सहा पावलांत पडून मांडीचे हाड मोडल्यावर अंथरूण धरलेली माणसे प्रत्येक वाचकाच्या नात्यात सापडतील. त्या वाटेवर उंबरठा, सैल सतरंजी, पायपुसणे आणि विजेची लोंबती वायर नको. भ्रमणध्वनी भारित करण्यासाठी आता प्रत्येक उशीशी एक वायर येऊन पोहोचली आहे, तीही भिंतीच्या कडेने न्यावी. निजल्या जागेवरून हात पुरेल असे दिव्याचे बटण असावे, आणि वाटेवर पायांच्या उंचीला एक मंद दिवा रात्रभर तेवत ठेवावा. आजच्या एलईडी दिव्यांना वीज अत्यल्प लागते, तेव्हा येथे काटकसर करू नये. खाट गादीसह इतक्याच उंचीची असावी, की काठावर बसल्यावर दोन्ही पाऊले जमिनीला सपाट टेकतील आणि गुडघे काटकोनात राहतील. बहुतेकांना दीड फूट योग्य होते. ज्यांची एक बाजू अर्धांगवायूने दुबळी झाली आहे, त्यांना बहुधा सशक्त बाजूकडून उतरणे सोपे जाते. म्हणून खाटेची कोणती कड भिंतीला लावावी, हे डॉक्टरांना विचारून ठरवावे. खोलीच्या आकारापेक्षा हे महत्त्वाचे आहे, आणि त्यासाठी कपाट विशोभित जागी गेले तरी जाऊ द्यावे.

उतरत्या छपराच्या खोलीत जमिनीचे माप फसवे असते. सरासरी उंची २.७५ मीटर आणि वळचणीकडे निदान २.१ मीटर असावी, असा संहितेचा दंडक आहे. जुने पोटमाळे तो अर्थातच जाणत नाहीत. छताखाली उभे राहून जिथे सहा फूट उंची मिळू लागते, तिथे जमिनीवर खडूने रेघ ओढावी. त्या रेघेच्या आत तुमची चालण्याची खोली आहे. बाहेरच्या भागात ट्रंका, बिछाने आणि बसून करण्याची कामे जावीत. खाटेवर उठून बसलेल्या माणसाचे डोके जमिनीपासून सुमारे साडेचार फुटांवर येते, म्हणून उशीच्या जागी छप्पर पाच फुटांहून खाली नसावे. उशी उंच बाजूला आणि पाय वळचणीकडे, ही मांडणी सर्वांत सुखाची. पत्र्याखाली किंवा कौलांखाली निजणाऱ्यांना वैशाखात काय सोसावे लागते ते सांगावयास नको. लाकडी तक्तपोशी करून वर हवा खेळती ठेवली, तर पुष्कळ फरक पडतो. अशा खोलीत, उंच माणसाने हात वर केल्यास पात्यांना लागेल अशा ठिकाणी छताचा पंखा लावू नये. भिंतीवरचा पंखा वापरावा. मच्छरदाणीच्या दोऱ्या वाशांना बांधाव्यात, म्हणजे खाटेला दांड्या लावाव्या लागत नाहीत.

तिरप्या भिंतीच्या किंवा त्रिकोणी खोलीविषयी थोडक्यात सांगावयाचे, तर निमुळता कोपरा खाटेला देऊ नये. तिथे त्रिकोणी फळ्या ठोकून घ्याव्यात, किंवा गाद्यांची चळत रचावी. गादी कोणत्याही कोनाशी जुळवून घेते. खाट सर्वांत लांब भिंतीला समांतर लावावी, आणि दुसरीकडे पाचरीसारखी फट पडली तर तिच्यावर फळी टाकून पुस्तके ठेवावीत. मुंबईच्या मरीन ड्राइव्हसारख्या भागांत आर्ट डेको पद्धतीच्या, गोलसर कोपऱ्यांच्या इमारती आहेत. तिथल्या इमारतींच्या एका समूहाला २०१८ साली जागतिक वारशाचा मान मिळाला. ज्यांच्या खोलीची भिंत अशी वळलेली आहे, त्यांनी सरळ कपाट तिला टेकविण्याचा हट्ट सोडून वळणाला बैठे बाक करून घ्यावे. भिंतीतून खांब पुढे आलेला असेल, तर दोन खांबांमधली खाच कपाटाला द्यावी.

फिकट रंग आणि मोठा आरसा यांनी खोली मोठी दिसते, असे सर्व पुस्तके सांगतात. दिसते खरी. पण आरशातून चालत जाता येत नाही.

जागा फारच अपुरी असेल, तर आपल्याकडची अंथरुणे घालण्याची आणि सकाळी गुंडाळून ठेवण्याची पद्धत निःसंकोचपणे चालू ठेवावी. पलंग नसणे हे मागासलेपणाचे लक्षण आहे, अशी समजूत अलीकडे, विशेषतः मुलीच्या लग्नाच्या बोलण्यांत, डोकावू लागली आहे, आणि हप्त्यांवर मोठाले पलंग घेतले जातात. जी खाट दिवसा नसतेच, तिला खोलीचा आकार अडवू शकत नाही. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना मात्र जमिनीवर निजावयास लावू नये. त्यांच्यासाठी एक खाट आणि इतरांसाठी गाद्या, अशी मिसळ अनेक घरांत चांगली चालते.

नवीन सामान घ्यावयाचे ठरलेच, तर नकाशा घेऊन दुकानात जावे. पेटीचा पलंग घेताना त्याचे झाकण वर उचलावयाचे आहे, की कप्पे बाजूला ओढावयाचे आहेत, ते पाहावे. कप्प्यांना बाजूस दीड-दोन फूट मोकळे लागतात, आणि ते तुमच्या वाटेतूनच जाणार. अरुंद खोलीत सरकत्या दारांचे कपाट सोयीचे पडते. पैसे देण्यापूर्वी पलंगाच्या आकाराची जुनी वर्तमानपत्रे जमिनीवर अंथरून दोन दिवस त्यांच्या कडेने वावरावे. ज्या कागदावर सारखा पाय पडतो, तिथे वाट आहे असे समजावे. आणि घराच्या दाराची व जिन्याच्या वळणाची रुंदी मापून दुकानदाराला लेखी द्यावी. सुटे होणारे पलंग वर जातात. लोखंडी कपाट सुटे होत नाही, आणि चौथ्या मजल्याच्या वळणावर ते अडले, म्हणजे हमाल प्रथम आपल्याकडे पाहतो आणि मग मजुरीविषयी बोलू लागतो.